मुंबई सिटी : डियाझ गेल्याचं दुःख नाही, पण खालचा थर उचलला त्याचं काय?

अंधेरी_लोकल | २५ ऑगस्ट २०२४, रात्री ११:४०

आमच्या जोगेश्वरीच्या गल्लीत आत्ताच गोविंदाचा सराव आटोपला. परवा हंडी. आमचं मंडळ सहा थर व्यवस्थित लावतं, सातव्याला दरवर्षी कोसळतं, आणि दरवर्षी शिव्या बसतात त्या वरच्या पोराला. पण गॅलरीतून नीट बघितलं की कळतं, डळमळतो तो दुसरा थर. वरचं पोर बिचारं हात लांब करून हंडीच बघत असतं, त्याला पायाखालचं काय कळणार?

आता मुद्द्यावर येतो.

४ मेच्या रात्री कोलकात्याच्या सॉल्ट लेकवर, इंडियन सुपर लीगच्या फायनलला, आपल्या मुंबई सिटीने मोहन बागानला ३-१ हरवलं तेव्हा मी एवढा ओरडलो की खालच्या काकूंनी झाडूच्या दांड्याने छत ठोकलं. बरोब्बर एकोणीस दिवसांपूर्वी, १५ एप्रिलला, त्याच मैदानावर त्याच बागानने २-१ ने हरवून आपली शील्ड, म्हणजे साखळीत पहिलं येणाऱ्याची ट्रॉफी, नेली होती. बरोबरी झाली असती तरी शील्ड आपली होती! त्यामुळे कपाची गोडी दुप्पट. डियाझ, बिपिन, वोइटुस. तीन गोल, तिन्ही डोळ्यांसमोर आहेत.

आणि आता बघा. स्ट्रायकर डियाझ बंगळुरूला. नोगेरा बंगळुरूला. राहुल भेके, ज्याने कप उचलला तो कर्णधार, तोही बंगळुरूला. मधल्या फळीतला आपुईया मोहन बागानला. ग्रेग स्टुअर्ट आधीच स्कॉटलंडला गेला होता, तोही फिरून शेवटी बागानाच्याच दारात. चार महिनेही झाले नाहीत हो कप जिंकून! हळद उतरायच्या आत वऱ्हाड पांगलं.

व्हॉट्सॅपवर सगळे डियाझसाठी रडतायत. मला त्याचं तेवढं नाही. मैदानात एका वेळी परदेशी चारच. ते दर दोन वर्षांनी बदलणार, हे आपण धरूनच चालतो. उरलेले सात आपले. त्या सातांतले दोन, तेही कण्यातले, एका उन्हाळ्यात गेले. डियाझ म्हणजे वरचा गोविंदा. आपुईया दुसऱ्या थरातला.

अंधेरीला आपल्या स्टेडियममध्ये बसून आपुईयाला नुसतं बघत राहा असं मी भाच्याला सांगायचो. चेंडू त्याच्याकडे यायच्या आधी तो दोनदा मान वळवतो. एकदा डावीकडे, एकदा खांद्यावरून मागे. चेंडू पायात आला की निघालेलाच असतो. टीव्हीवर हे दिसत नाही, कॅमेरा चेंडूमागे पळतो. भाचा बारा वर्षांचा, त्याने एका मॅचमध्ये मोजलं होतं, मग कंटाळून वडापाव मागितला.

आशा नाहीच असं नाही. छांगते आहे. विक्रम प्रताप आहे. बिपिन, मेहताब, आकाश मिश्रा, तिरी, गोलमध्ये फुर्बा. नवीन आलेल्यांत नेदरलँड्सचा व्हॅन नीफ, ग्रीसचा कारेलिस, आर्सेनलच्या अकादमीतून गेलेला टोराल, आणि गोव्याकडून ब्रँडन फर्नांडिस. ब्रँडनची फ्री किक ज्यांनी आजवर आपल्याविरुद्ध सोसली आहे त्यांना आनंद व्हायला हरकत नाही.

१३ सप्टेंबरला पहिलीच मॅच, कोलकात्यात, पुन्हा मोहन बागान. समोर आपुईया आणि स्टुअर्ट. तुम्हाला काय वाटतं? मधली जागा कोण भरणार?

---

दर्शक१२ | २६ ऑगस्ट २०२४

पहिला! (पॉपकॉर्न घेऊन बसलोय.)

---

आकडेमोड | २६ ऑगस्ट २०२४

लेख आवडला, पण थराच्या थिअरीशी असहमत.

२०२०-२१ आठवा. शील्ड आणि कप दोन्ही. त्यानंतर ओगबेचे गेला, बुमूस गेला, ल फाँद्र गेला. म्हणजे वरचा थर गेला. मैदानातले भारतीय बऱ्यापैकी तेच होते. उलट तुमचा लाडका आपुईया त्याच उन्हाळ्यात आला. आणि निकाल? २०२१-२२ ला पाचवे. तेव्हा चारच संघ पुढे जायचे, म्हणजे आपण घरी.

तुमच्या हिशेबाने खालचा थर शाबूत होता तर हंडी फुटायला हवी होती.

---

अंधेरी_लोकल | २६ ऑगस्ट २०२४

@आकडेमोड, मुद्दा मान्य, पण अर्धा. त्या वर्षी हंगामाच्या तोंडावर प्रशिक्षक लोबेराही गेला होता. शिट्टी मारणाराच बदलला तर थर कसे लागणार? त्याच्या जागी आलेल्या बकिंगहॅमला बसायला एक वर्ष लागलं. मग २०२२-२३ ला काय झालं ते तुम्हीच सांगा, आकडे तुमच्याकडे.

---

आकडेमोड | २६ ऑगस्ट २०२४

२० सामन्यांत ४६ गुण, ५४ गोल. पहिल्या अठरा सामन्यांत एकही हार नाही. शील्ड.

२०२३-२४ : २२ सामन्यांत ४७ गुण, ४२ गोल. मधल्या काळात बकिंगहॅम ऑक्सफर्डला गेला आणि डिसेंबरात क्रात्की आला, हेही लक्षात घ्या. म्हणजे प्रशिक्षक बदलूनही कप आलाच की! तुमची शिट्टीची थिअरी इथे गडबडते.

---

कूपरेज_काका | २६ ऑगस्ट २०२४

तुम्ही दोघं बरोबर आहात आणि दोघंही चुकताय. क्रात्कीला घर लावलेलं मिळालं होतं, त्याने फक्त गॅस पेटवला. आता त्याला भांडीसुद्धा आणायची आहेत.

मला भेकेचं जास्त लागलं. मुंबईत जन्मलेला, एअर इंडियाकडून खेळून वर आलेला. २०२२ च्या एप्रिलात रियाधला एअर फोर्स क्लबविरुद्ध १-१ असताना कॉर्नरवर त्याने डोकं घातलं आणि आपण २-१ जिंकलो. आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये भारतीय क्लबचा तो पहिला विजय. आमच्या सोसायटीत हे कोणाला सांगितलं तर म्हणतात, "काका, आज आयपीएल कोणाची?"

जाता जाता, बांद्र्याला रेक्लमेशनवर नेव्हिल डिसोझांच्या नावाचं टर्फ आहे. मागे तिथे सरावाला आलेल्या चार पोरांना विचारलं, हे कोण? एकाने सांगितलं, नगरसेवक असतील. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध हॅटट्रिक मारणारा माणूस, ऑलिंपिकमध्ये अशी हॅटट्रिक मारणारा पहिला आशियाई!

---

मीनल_ठाणे | २७ ऑगस्ट २०२४

काका, दंडवत. नगरसेवक वाचून चहा सांडला.

मी लेकीला घेऊन येते अंधेरीला. ठाण्याहून घाटकोपर, मग मेट्रोने आझाद नगर. सामना संपल्यावर घरी पोचायला साडेअकरा, तरी तिची हौस संपत नाही. तिला चौथीत असताना ईशान्येची राज्यं पाठ होत नव्हती. छांगते आणि आपुईया कुठले, तर मिझोराम. बिपिन कुठला, तर मणिपूर. फुर्बा सिक्कीमचा. असं करत नकाशा भरला. आपुईया गेला हे तिला अजून सांगितलेलं नाही.

आशेचं विचाराल तर छांगते. गोव्याविरुद्धचा सेमीफायनल मी नव्वदाव्या मिनिटाला बंद करून भांडी घासायला गेले होते. २-० ने मागे होतो ना! परत आले तर ३-२. छांगते, विक्रम, परत छांगते, सहा-सात मिनिटांत. नवऱ्याने हाक का मारली नाही यावर आमच्याकडे अजून वाद चालू आहे.

---

नादखुळा_पेठ | २७ ऑगस्ट २०२४

कोल्हापुरातनं नमस्कार.

भावांनो, धागा वाचला, रडारड बघितली. एक सांगा, भेके गेल्यावर तुमच्या मुंबईच्या संघात मुंबईचं पोरगं कोण उरलं? आमच्याकडं पाटाकडील तालीम आणि शिवाजी तरुण मंडळ ह्या पेठांच्या फुटबॉल टीमा शाहू स्टेडियमला भिडल्या की अर्धी पेठ एका बाजूला, अर्धी दुसऱ्या. लग्न ठरवताना बी ईचारत्यात, पावणं कुठल्या तालमीचं? स्ट्रायकर बदलला तर त्याच्या आईला भाजी मंडईत जाब द्यावा लागतो. ह्याला म्हणत्यात टीम.

तुमचा खेळाडू सकाळी निळा, संध्याकाळी हिरवा-मरून. नाव नुसतं मुंबई.

---

निर्मळचा_पोऱ्या | २७ ऑगस्ट २०२४

@नादखुळा_पेठ, दादा, तुमच्या शाहू स्टेडियमवर आफ्रिकेहून आलेले खेळाडू मीसुद्धा बघितलेत हां. ते कुठल्या पेठेचे?

बाकी मुंबईच्या पोरांचा मुद्दा खरा आहे. आमच्या वसईत नाताळच्या सुट्टीत गावागावांच्या स्पर्धा होतात. शेतात लायनी मारायच्या, बांबूचे गोलपोस्ट, रात्री हॅलोजन. मी स्वतः लेफ्ट बॅक खेळायचो. आमच्यातली दोन पोरं खरोखर चांगली होती. एकाला विरारहून चर्चगेटजवळच्या कूपरेज मैदानावर चाचणीसाठी जायला पहाटे साडेचारची गाडी पकडावी लागायची. तिसऱ्या वेळी झोप लागली, डोळे उघडले तर चर्चगेटहून परत दादर. चाचणी हुकली. आता दुबईला आहे, वेअरहाऊसमध्ये. संघ कसा बनतो यात लोकलच्या टाइमटेबलचापण हात असतो.

व्हॅन नीफबद्दल मला आशा आहे. नुसते जुने व्हिडिओ बघितलेत, पण पुढे बघून पास देतो. मागे नाही.

---

नादखुळा_पेठ | २७ ऑगस्ट २०२४

आफ्रिकेचं बरोबर पकडलंस गड्या. पर ते बी तांबडा-पांढरा खाऊन वर्षभरात पेठेचंच होत्यात.

आमचा अनिकेत जाधव १७ वर्षांखालच्या वर्ल्ड कपला भारताकडनं खेळला, मग कुठं कुठं फिरला. मुंबईनं मात्र घेतला न्हाई. ह्याचा राग हाय म्हण पायजे तर.

---

अंधेरी_लोकल | १४ सप्टेंबर २०२४, पहाटे १२:५०

गौरी कालच गेल्या, घरात अजून पाहुणे, आणि मी स्वयंपाकघराच्या दारात मोबाईल धरून. मॅच बघितली का?

२-२! नवव्या मिनिटाला तिरीचा आपल्याच जाळ्यात, मग बागानचा दुसरा. मी मोबाईल उलटा ठेवून आरतीला गेलो. सत्तराव्या मिनिटाला तिरीनेच भरपाई केली. एकाच माणसाने दोन्ही टोकांना गोल, याला म्हणतात स्वतःचं कर्ज स्वतः फेडणं. आणि शेवटी तो सीरियाचा क्रूमा. पहिल्या मॅचलाच!

मोदक घ्या सगळे. मी माझी थिअरी तूर्त मागे घेतो.

---

मीनल_ठाणे | १४ सप्टेंबर २०२४

+१. लेकीला कळलं. आपुईया हिरव्या-मरून कपड्यांत दिसला तेव्हा म्हणाली, "शाळा बदलली का त्याची?"

---

आकडेमोड | १४ सप्टेंबर २०२४

एका सामन्यावरून थिअरी मागे घेऊ नये आणि पुढेही आणू नये. मार्चमध्ये भेटू.

---

आकडेमोड | ३० मार्च २०२५

शब्द दिला होता, म्हणून धागा वर काढतो.

२४ सामने, ३६ गुण, सहावा क्रमांक. गोल २९. म्हणजे सामन्यागणिक २.७ वरून १.९ आणि तिथून १.२ वर. दर वर्षी उतरती भाजणी. कारेलिसने संघात सर्वाधिक गोल केले, त्याच्याकडे बोट दाखवता येणार नाही. त्याच्यापर्यंत चेंडूच कमी पोचला.

आणि कालचा प्लेऑफ तर सगळ्यांनी बघितलाच. बंगळुरू ५, आपण ०.

@अंधेरी_लोकल, ऑगस्टमध्ये तुम्हाला असहमत म्हटलं होतं. शब्द मागे घेतो. खालचा थर.

---

अंधेरी_लोकल | ३० मार्च २०२५

बरोबर ठरल्याचा एवढा वैताग मला आयुष्यात आला नव्हता.

याच महिन्यात ११ तारखेला बंगळुरूच्या त्याच कांतीरवा स्टेडियमवर आपण २-० जिंकलो, म्हणून तर सहावे आलो. अठरा दिवसांत असं काय झालं? आणि पाचवा गोल कोणाचा, तर डियाझचा. गोल करून त्याने फार नाचही केला नाही. त्यापेक्षा नाचला असता तर बरं. शिव्या तरी देता आल्या असत्या.

मागच्या बाजूला भेके उभा होता. त्यांच्या मागच्या बाजूला, म्हणतोय. त्याला काल घाम तरी आला का शंका आहे.

भाच्याने दुसऱ्या गोलनंतर पांघरूण डोक्यावर घेतलं. जर्सी घालूनच. तिच्या पाठीवर बिपिन २९. बिपिनचीच घेतली होती कारण तो २०१८ पासून इथे आहे, दोन्ही फायनलांमध्ये गोल केलेत, २०२१ ला तर नव्वदाव्या मिनिटाला. म्हटलं, हा कुठे जात नाही. ताईने परवा त्यावर गरम इस्त्री फिरवली, २ चा अर्धा भाग उचलला गेलाय. लांबून बघितलं तर नुसता ९ दिसतो.

---

नादखुळा_पेठ | ३१ मार्च २०२५

९ म्हंजे स्ट्रायकर. इस्त्रीनं मॅनेजरपेक्षा चांगली खरेदी केली की!

(माफ करा भावांनो. लई वाईट हरलासा. आज टिंगल न्हाई करत.)

---

कूपरेज_काका | ३१ मार्च २०२५

एक बघा. पाच-शून्य हरणारा संघ वाईटच असतो असं नाही, पण दोन-शून्यनंतर एकमेकांकडे बघायचं थांबतो तो संघ नसतो. परवा तिसरा गोल झाल्यावर आपले अकरा जण अकरा दिशांना बघत होते. ओरडणारा कोणी नव्हता. भेके ओरडायचा, तेही मराठीत. मी अंधेरीला ऐकलंय, इथे लिहिण्यासारखं नाही.

---

निर्मळचा_पोऱ्या | ३१ मार्च २०२५

काका, लिहा ना!

---

कूपरेज_काका | ३१ मार्च २०२५

धागा उडेल.

---

मीनल_ठाणे | २७ डिसेंबर २०२५

कोणी आहे का इथे?

बातमी वाचली ना? मँचेस्टर सिटीवाला सिटी फुटबॉल ग्रुप आपल्या क्लबातून बाहेर पडला. आम्ही इथे कोण आलं कोण गेलं याच्या याद्या करत बसलो, आणि मालकच निघाले.

---

अंधेरी_लोकल | २७ डिसेंबर २०२५

आहे. वाचतोय, लिहवत नव्हतं.

वर्षभराची यादीच देतो. बिपिन ईस्ट बंगालला. (भाचा आठ दिवस बोलला नाही. जणू मीच विकला.) मेहताब मोहन बागानला. डियाझ परत आला, हे एकच सुख. ११ जुलैला आयोजकांनी लीग थांबवली, कारण महासंघाशी असलेला त्यांचा करार ८ डिसेंबरला संपणार होता आणि पुढचं कोणीच ठरवलं नव्हतं. महासंघाने निविदा काढली, बोली लावायला एकही आला नाही. एकही नाही! गल्लीतल्या भिशीलासुद्धा चार जण जमतात. काही क्लबांनी मधल्या काळात पगारच थांबवले. सुपर कपात सेमीफायनलपर्यंत गेलो, गोव्याने २-१ ने हरवलं, आणि त्यानंतर पोरं नुसती सराव करतायत. कशासाठी ते त्यांनाही माहीत नाही.

आता हे. २०१९ मध्ये ६५ टक्के घेतले होते त्यांनी. मँचेस्टरचं नाव लागलं म्हणून आपण किती उड्या मारल्या! आता क्लब परत जुन्या मालकांकडे. तेच २०१४ पासूनचे, त्यामुळे पूर्ण पोरका झाला असं नाही म्हणणार. पण परदेशी खेळाडू आणायची ओळखपाळख, डेटावाले, तिकडचे प्रशिक्षक, हे सगळं त्यांच्या खिशातून यायचं. तो खिसाच गेला.

मी मागच्या वर्षी दुसऱ्या थराची काळजी करत होतो. इथे जमीनच हलायला लागली.

---

आकडेमोड | २७ डिसेंबर २०२५

आज आकडे नाहीत.

---

कूपरेज_काका | २८ डिसेंबर २०२५

मला याची सवय आहे. म्हणजे असू नये, पण आहे.

मी फोर्टात बँकेत होतो. रोव्हर्स कप लागला की चार वाजता टेबलावर चष्मा आणि पेन ठेवून निघायचं, म्हणजे साहेबाला वाटावं जागेवरच आहे, चहाला गेलाय. एक जास्तीचा चष्माच केला होता त्यासाठी. चालत कूपरेज. मोहन बागान, ईस्ट बंगाल, मोहमेडन, गोव्याचे संघ, सगळे यायचे. आणि समोर आपले : मफतलाल, टाटा, ओर्के मिल्स, एअर इंडिया, महिंद्र. खेळाडू त्या त्या कंपनीत कामाला. दुपारपर्यंत खुर्ची, मग बूट. मफतलालचा फॉरवर्ड चर्चगेटला माझ्याच डब्यात चढायचा. चुकलेल्या पेनल्टीबद्दल लोक त्याला दादरपर्यंत ऐकवायचे.

मिल बंद झाली की संघ बंद. १८९१ ला सुरू झालेला रोव्हर्स कप २०००-०१ नंतर झालाच नाही. महिंद्र युनायटेड २००५-०६ ला देशाची राष्ट्रीय लीग जिंकली, डेरिक परेरा प्रशिक्षक. २०१० ला बंद. बंद होताना संघ वाईट नव्हता, कंपनीचं मन भरलं होतं. मग मुंबई एफसी. २०१७ ला आय-लीगमधून खाली गेली आणि विषय संपला.

म्हणून मी खेळाडूच्या नावाची जर्सी घेत नाही. क्लबाच्या नावाची घेतानाही दोनदा विचार करतो.

तरी शनिवारी अंधेरीला असायचो आणि परत असेन. घरी बसून तरी काय करायचं, सीरियल्स बघायच्या?

---

निर्मळचा_पोऱ्या | २८ डिसेंबर २०२५

काका, चष्म्याची आयडिया वर्क फ्रॉम होममध्ये कशी वापरावी?

(हसू येत नाहीये खरं तर. पण काय करणार.)

---

नादखुळा_पेठ | २९ डिसेंबर २०२५

काका, एक शंका. आमच्या तालमीस्नी शंभर वर्षं होत आली. मिल न्हाई, कंपनी न्हाई, मँचेस्टर न्हाई. वर्गणीवर चालत्यात. त्या बंद का पडत न्हाईत?

---

कूपरेज_काका | २९ डिसेंबर २०२५

कारण तालीम सोडून तुमचा माणूस जाईल कुठे? समोरच्या पेठेत? मुंबईत पेठच नाही. इथे माणूस ज्या स्टेशनला उतरतो तिथला.

---

अंधेरी_लोकल | ७ जानेवारी २०२६

धागा वर!! क्रीडामंत्र्यांनी काल जाहीर केलं, १४ फेब्रुवारीपासून लीग. चौदाच्या चौदा क्लब. प्रत्येकाशी एकदाच खेळायचं, एकूण ९१ सामने, आपल्या वाट्याला १३.

तेरा म्हणजे अर्धी थाळी. पण उपाशी माणसाने पापड मोजू नयेत.

संघाचं बोलू. तेरा सामन्यांत सावरायला वेळ नाही. चोवीस सामन्यांच्या हंगामात ऑक्टोबर वाईट गेला तरी जानेवारीत भरून काढता येतं. इथे लागोपाठ तीन हरलात की खेळ खलास. त्यामुळे मला आता नवी नावं नकोतच. आहेत ती पोरं तंदुरुस्त राहू देत. छांगतेची मांडी धड राहू दे. डियाझ वयाने वाढलाय, त्याला दर चार दिवसांनी नव्वद मिनिटं पळवू नये. ब्रँडनला मोकळं सोडावं. आपुईयाची जागा दीड वर्षात कोणी भरली नाही आणि आता भरायला पैसेही नाहीत. म्हणजे एकाऐवजी दोघांनी मिळून ती भरायची, पुढचा एक माणूस कमी करून. कंटाळवाणं दिसेल. १-० जिंकू. चालेल मला.

---

आकडेमोड | ७ जानेवारी २०२६

आकडे परत सुरू करतो. अनुमोदन. फक्त १-० साठी तो एक कोण करणार तेही लिहा.

---

मीनल_ठाणे | ७ जानेवारी २०२६

आमच्याकडून दोन तिकिटं पक्की. लेक आता सहावीत. मेट्रोत उभं राहून घोषणा म्हणते, मी दुसरीकडे बघते.

@अंधेरी_लोकल, भाचा येतोय का? की अजून बिपिनचा रुसवा?

---

अंधेरी_लोकल | ७ जानेवारी २०२६

येतोय. जुनी जर्सी ताईने फरशी पुसायला काढली होती, त्याने परत आणून कपाटात ठेवली. नवीन हवीच म्हणतो. नाव कोणाचं यावर आमची तीन दिवस चर्चा झाली. छांगते नको, तो उद्या युरोपात जाईल. डियाझ नको, तो एकदा जाऊन आलाय. शेवटी त्याचं ठरलं, फुर्बा. २०२० पासून इथेच आहे. आणि म्हणे, "मामा, गोलकीपर कधी क्लब सोडून जात नाहीत."

---

आकडेमोड | ७ जानेवारी २०२६

त्याला अमरिंदर सिंग कोण ते सांगितलंत का? २०२१. आपलाच गोलकीपर, आपलाच कर्णधार. मार्चमध्ये कप उचलला आणि उन्हाळ्यात गेला. कुठे ते विचारू नका.

---

नादखुळा_पेठ | ७ जानेवारी २०२६

बागानात!

---

अंधेरी_लोकल | ७ जानेवारी २०२६

कोणीही त्याला सांगणार नाही. जर्सीची ऑर्डर गेली आहे.